कळ थांबली, पण अडथळा गेला का?

मूतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली तो ती जन्मभर विसरत नाही. पाठीत उठून जांघेपर्यंत उतरणारी ही वेदना माणसाला मध्यरात्री दवाखाना गाठायला लावते. इंजेक्शन मिळते, दोन-तीन दिवसांत कळ ओसरते आणि घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात : खडा पडला. बहुतेक वेळा तो खरोखरच पडलेला असतो. पण काही जणांच्या बाबतीत तो मूत्रवाहिनीत तसाच अडकून राहतो, कळ तेवढी थांबते आणि त्या बाजूचे मूत्रपिंड पुढचे कित्येक आठवडे, महिने काहीही कुरकुर न करता निकामी होत जाते. मूत्रमार्गातील अडथळ्यामुळे मूत्रपिंडाला येणारी सूज, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत हायड्रोनेफ्रोसिस, वेळेवर कळली तर बहुधा पूर्ण बरी होते. उशिरा कळली तर गेलेले मूत्रपिंड परत मिळत नाही. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. उपचार संपला की नाही हे वेदनेवरून ठरवण्याची आपली पद्धत बदलली पाहिजे. अडथळा गेल्याची खात्री सोनोग्राफीने होईपर्यंत उपचार अपुराच मानला जावा, आणि ही शेवटची तपासणी सार्वजनिक आरोग्यसेवेने तारीख देऊन, मोफत करून द्यावी.

ही मागणी समजून घ्यायची तर अडथळा आल्यावर आत काय घडते ते पाहावे लागेल. आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत शोषून घेते आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. ही लघवी २५ ते ३० सेंटीमीटर लांबीच्या आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. वाटेत खडा अडकला, वाहिनी आक्रसली किंवा बाहेरून गाठीने दाबली गेली, तरी मूत्रपिंडाचे गाळण्याचे काम लगेच थांबत नाही. वरून लघवी येत राहते, खाली जागा नसते, आणि बंधाऱ्यामागे पाणी पसरावे तसे मूत्रपिंडाच्या आतले कप्पे फुगत जातात. सोनोग्राफीत दिसणारी 'सूज' ती हीच. आतला दाब वाढला की गाळण्याची क्रिया मंदावते. पुढे मूत्रपिंडाकडे येणारा रक्तपुरवठाही घटतो. कप्प्यांभोवतीचा जिवंत भाग पातळ होत जातो आणि त्याच्या जागी व्रणासारखे निरुपयोगी तंतू तयार होतात.

या सगळ्यात वेदनेचे वागणे फार फसवे असते. कळ येते ती मूत्रवाहिनीला आणि मूत्रपिंडाच्या आवरणाला अचानक ताण बसल्यामुळे. अडथळा कायम राहिला, तर काही दिवसांत मूत्रपिंडच कमी गाळू लागते, आतला दाब उतरतो आणि कळ शमते. म्हणजे कळ थांबण्याला दोन कारणे असू शकतात : एक तर खडा निघून गेला, नाही तर मूत्रपिंडाने काम कमी केले. पहिली बातमी आनंदाची आहे, दुसरी धोक्याची, आणि रुग्णाला मात्र दोन्ही वेळा सारखेच बरे वाटते. अडथळा हळूहळू वाढत गेला असेल तर कळ मुळात येतही नाही. मूत्रपिंडापाशी वेळ किती असतो याचा अंदाज कुत्र्यांवरील जुन्या प्रयोगांतून आला. मूत्रवाहिनी पूर्ण बंद करून आठवड्याच्या आत मोकळी केली तेव्हा मूत्रपिंड पूर्ववत झाले. दोन आठवड्यांनी सुमारे ७० टक्के काम परतले, चार आठवड्यांनी सुमारे ३० टक्के, आणि सहा आठवड्यांनंतर जवळजवळ काहीच नाही. माणसात अडथळा बहुधा अर्धवट असतो, त्यामुळे मुदत अधिक मिळते आणि हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी नुकसान आठवड्यांच्या हिशेबाने होते, वर्षांच्या नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

वेदनेखेरीज आणखी दोन गोष्टींवर लोकांचा भरवसा असतो. एक म्हणजे लघवीचे प्रमाण, आणि दुसरी रक्तातले क्रिएटिनिन. एका बाजूचे मूत्रपिंड बंद पडत असताना या दोन्ही गोष्टी दिलासाच देतात. दुसरे मूत्रपिंड जास्तीचे काम उचलते, लघवी नेहमीइतकी होते आणि क्रिएटिनिन अनेकदा मर्यादेच्या आतच राहते. अहवालावर लाल खूण नसते, म्हणून सगळे निश्चिंत होतात. पुढे कधी दुसऱ्या बाजूला खडा झाला, मधुमेहाने किंवा रक्तदाबाने राहिलेल्या मूत्रपिंडावर घाव घातला, की मग उलगडा होतो की हा माणूस बरीच वर्षे एकाच मूत्रपिंडावर जगत होता. मूतखडा पुन्हा होण्याची प्रवृत्ती मोठी असते. एकदा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा वर्षांत तो पुन्हा होतो. उन्हात राबणाऱ्या, दिवसभरात पुरेसे पाणी न मिळणाऱ्या शेतमजुराला तर ही शक्यता अधिकच. अशा माणसाचे एक मूत्रपिंड नकळत जाणे म्हणजे त्याच्या पुढच्या आयुष्याची शिल्लक निम्मी होणे होय.

इथे पहिला आक्षेप येतो तो अनुभवाच्या आधारे. 'लहान खडे आपोआप पडतात, प्रत्येकाच्या मागे तपासण्या कशाला?' आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आपोआप बाहेर पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते. याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचायला हवी : लहान खड्यांतलेही सुमारे एक-तृतीयांश आपोआप पडत नाहीत. म्हणूनच वाट पाहण्याला वैद्यकशास्त्राने मुदत घातली आहे, साधारण चार ते सहा आठवड्यांची. वाट पाहणे हा उपचार आहे, पण मुदत संपल्यावर पाहिलेच नाही तर त्याला उपचार म्हणता येत नाही. कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने यांच्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. घरात आजीच्या हाताने मिळणाऱ्या या गोष्टींची टिंगल करण्याचे कारण नाही. कढणाच्या निमित्ताने पोटात चार पेले पातळ पदार्थ जातो, हेही खरे. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. कळ थांबली की श्रेय कढणाला मिळते आणि तपासणीची गरज संपली असे घर ठरवून टाकते. कढण घ्यावे, औषध घ्यावे, पण खडा गेला की नाही याचा निवाडा त्यांच्यावर सोपवू नये. मूतखडा शस्त्रक्रियेने काढल्यावरही हा नियम सुटत नाही. दुर्बिणीने खडा काढलेल्या रुग्णांच्या पाहण्यांत शंभरातल्या दोन-तीन जणांत वेदनेशिवाय अडथळा राहिलेला आढळला आहे. ताप आणि थंडी असेल, एकच मूत्रपिंड असेल, लघवी पूर्ण थांबली असेल, तर मात्र आठवडेच काय, एक रात्रही थांबू नये. अडकलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर केवळ प्रतिजैविकांनी तो आटोक्यात येत नाही. तुंबलेली लघवी नळी घालून मोकळी करावी लागते, नाही तर जीव जाऊ शकतो.

खडा हे या सुजेचे सर्वांना ठाऊक असलेले कारण. पण वेदनेला मोजमाप मानण्याची सर्वांत मोठी किंमत मोजतात ते ज्यांना वेदना होतच नाही असे रुग्ण. साठी ओलांडलेल्या पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, मूत्राशय कधीच पूर्ण रिकामे होत नाही, आणि तो दाब उलट वर चढून दोन्ही मूत्रपिंडांना सूज आणतो. अशा माणसाला अनेकदा काहीच दुखत नाही. रात्री झोपेत अंथरूण ओले होऊ लागते, एवढीच खूण दिसते. घर ती वयाच्या खात्यात टाकते आणि तो स्वतः लाजेने गप्प बसतो. वास्तविक वयस्क पुरुषात नव्याने सुरू झालेला हा त्रास म्हणजे तातडीने सोनोग्राफी करण्याचा इशारा आहे. वेळेत नळी घातली, ग्रंथीवर उपचार केले, तर मूत्रपिंडांचे बरेच काम परत येऊ शकते. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पसरत जाऊन मूत्रवाहिन्या दाबतो. मूत्रपिंडाला सूज असणे ही या कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्याची एक खूण मानली जाते, आणि या आजारात अनेक जणींचा शेवट मूत्रपिंडे बंद पडून होतो. या कर्करोगाबाबत जगाला मोलाचा पुरावा दिला तो आपल्याच मराठवाड्याने. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की एचपीव्ही विषाणूची एकच तपासणीसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते. त्याच मातीतल्या बाईचा आजार आजही मूत्रवाहिन्या दाबल्या जाईपर्यंत कळू नये, हे आपल्याला बोचले पाहिजे.

मुलांचे प्रकरण आणखी नाजूक आहे. काही बाळांमध्ये मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी जोडणारा भाग जन्मतःच अरुंद असतो, तर काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात पडदे असतात. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत सूज दिसलेली असते, अहवालात तसे लिहिलेलेही असते. पण बाळ जन्मल्यावर रडते, दूध पिते, लघवी करते, म्हणून तो कागद फायलीत राहून जातो. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होत असल्याने तेव्हाची सोनोग्राफीही फसवू शकते. ती ४८ तासांनंतर करावी लागते, आणि तोवर अनेकदा आई-बाळ घरी जाण्याच्या तयारीत असतात. शून्य ते १८ वयोगटासाठी २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची नऊ नावांची यादी आहे. त्यात दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल, हृदयदोष आहेत, मूत्रमार्गाचा अडथळा नाही. जो दोष बाहेरून दिसत नाही आणि ज्याने बाळ रडत नाही, तो यादीबाहेर राहिला. पडदे असलेल्या मुलाची धार बारीक असते, थेंबथेंब लघवी होते. हे आईच्या लक्षात येते, पण त्याबद्दल तिला विचारणारे कोणी हवे.

या उपेक्षेची आणखी एक बाजू खुद्द उपचारातच आहे. अडथळ्यातून लघवीला वाट मिळावी म्हणून मूत्रवाहिनीत घातली जाणारी दोन्ही टोकांना वळलेली नळी, डीजे स्टेंट, काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत काढायची किंवा बदलायची असते. ती काढायचीच राहून गेली तर तिच्यावर क्षारांचे थर चढतात, ती स्वतःच वाट अडवते, आणि साध्या दुर्बिणीने पाच-दहा मिनिटांत निघणारी नळी काढायला मग एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागतात. विसरलेल्या स्टेंटची प्रकरणे आपल्याकडच्या मूत्ररोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. दोष रुग्णाच्या विसराळूपणाला देणे सोपे आहे. पण आपल्या शरीरात काय ठेवले आहे आणि ते कोणत्या तारखेला निघायला हवे, हे त्याला समजेल अशा मराठीत लिहून दिलेले असते का? बाळाच्या लशीची तारीख चुकली तर आशाताई घरी येते. स्टेंटची तारीख चुकली तर कोणाच्याही वहीत नोंद होत नाही.

आता पैशाकडे वळू. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या माणसासाठी सरकार खर्च करते, आणि तो केलाच पाहिजे. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण या अवस्थेला पोहोचतात आणि एका डायलिसिसला सुमारे दोन हजार, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक खर्च येतो, असे सांगण्यात आले. यातले बहुसंख्य रुग्ण मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे असतात. अडथळ्यामुळे आलेले त्या मानाने थोडे. पण थोडे असले तरी त्यांचा आजार मुळात थांबवता येण्यासारखा होता. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मूतखड्याच्या शस्त्रक्रिया होतात. पण या योजनेची घडण दाखल होणाऱ्या रुग्णाभोवती झाली आहे. बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शन घेऊन घरी गेलेला कळीचा रुग्ण तिच्या कक्षेत येतच नाही. महालॅब या सरकारी तपासणी सेवेमुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात दिलेल्या रक्ताची तपासणी मोफत होऊ लागली, ही मोठी सोय आहे. मात्र एका बाजूचा अडथळा ज्या तपासणीत अनेकदा निसटतो, ती क्रिएटिनिनची तपासणी गावात पोहोचली आणि ज्या तपासणीत तो दिसतो, ती सोनोग्राफी तालुक्यापाशी, पुष्कळदा खासगी केंद्रात, अडून राहिली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. पण यंत्र बंद असेल किंवा तपासणी करणारा डॉक्टर त्या दिवशी नसेल, तर निःशुल्क या शब्दाने सूज दिसत नाही. मग मजूर हजार-दीड हजार रुपये आणि बुडालेला रोज यांचा हिशेब करतो, आणि दुखत तर नाही, म्हणून परत फिरतो. तो अडाणी म्हणून फिरत नाही. त्याच्यापुढे जी माहिती आहे तिच्यावरून तो शहाणपणानेच वागतो. अपुरी आहे ती माहिती, आणि ती पुरवणे आपले काम आहे.

यावर डॉक्टरांकडून येणारा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सोनोग्राफी वाढली की किरकोळ सूज दिसण्याचे प्रमाण वाढेल, लोक घाबरतील आणि नको त्या शस्त्रक्रिया होतील. ही भीती निराधार नाही. गरोदरपणात, विशेषतः उजव्या बाजूला, सूज येणे हे बहुधा स्वाभाविक असते. मूत्राशय तुडुंब भरलेले असताना तपासले तर निरोगी माणसातही थोडी सूज दिसू शकते, म्हणून लघवी करून आल्यावर पुन्हा पाहावे लागते. गर्भात सूज दिसलेल्या बहुतेक बाळांची सूज आपोआप उतरते. फुगलेले मूत्रपिंड म्हणजे अडथळा असलेलेच मूत्रपिंड, असे नाही. पण या साऱ्यातून निष्कर्ष निघतो तो तपासणी टाळण्याचा नसून पुन्हा तपासण्याचा. एकदाच पाहून घाईने शस्त्रक्रिया ठरवणे आणि एकदाही न पाहणे, या दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे : ठरावीक अंतराने पाहणे आणि शंका राहिल्यास रेनोग्रामसारख्या तपासणीने प्रत्येक मूत्रपिंडाचे काम वेगवेगळे मोजणे. शिवाय मी सरसकट सर्वांची तपासणी मागत नाही. कळ येऊन गेलेले, खडा काढलेले, स्टेंट घातलेले, लघवीचा त्रास सुरू झालेले वृद्ध, आणि गर्भात सूज दिसलेली बाळे, एवढ्यांपुरतीच ही मागणी आहे. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा पुष्कळदा दिसत नाही, हेही खरे. पण इथे शोध खड्याचा नाही. मूत्रपिंड फुगलेले आहे की नाही, हे पाहायचे आहे, आणि ते काम सोनोग्राफी किरणोत्सर्गाशिवाय चांगले करते.

दुसरी अडचण कायद्याची सांगितली जाते. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि ते कोण वापरणार यावर बंधने आहेत. ही बंधने मुलींचे जीव वाचवण्यासाठी आहेत, ती सैल करण्याची मागणी कोणी मूत्रपिंडाच्या नावाने करू नये. गरजही नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतील नोंदणीकृत यंत्रांवर महिन्यातला एक दिवस 'फेरतपासणीचा दिवस' म्हणून ठरवता येईल, आणि त्या दिवसासाठी क्ष-किरणतज्ज्ञाची नेमणूक मानधनावर करता येईल. मूत्रपिंडाची सूज पाहायला एका रुग्णामागे काही मिनिटे पुरतात. तातडीचे रुग्ण सोडले तर इतरांना ठरलेल्या तारखेपर्यंत थांबवता येते, म्हणून थोडे डॉक्टरही पुष्कळ लोकांना पुरे पडतील.

करायचे काम एवढेच आहे. कळीच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर, सरकारी असो वा खासगी, 'दुखले तर या' असे न लिहिता चार ते सहा आठवड्यांच्या आतली सोनोग्राफीची तारीख लिहावी, आणि तिच्याखाली 'दुखत नसले तरी या' असे ठळक मराठीत असावे. स्टेंट घातलेल्या प्रत्येकाची नोंद जिल्हा पातळीवर व्हावी आणि काढण्याची तारीख उलटली की त्याला दूरध्वनी जावा. साठीपुढच्या पुरुषांच्या आरोग्य शिबिरात रक्तदाबासोबत रात्रीच्या लघवीचा प्रश्न विचारला जावा. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत राज्याने मूत्रमार्गाचा जन्मजात अडथळा जोडावा. यांतल्या पहिल्या गोष्टीला तर ना निधी लागतो ना शासन निर्णय. इंजेक्शन देणारा डॉक्टर आज रात्रीच ती तारीख लिहू शकतो, आणि त्याने लिहिली नाही तर रुग्णाच्या घरच्यांनी ती मागून घ्यावी.